स्क्रॅच आणि स्क्रॅच ज्युनियर: पोरांचा स्क्रीन टाइम सत्कारणी लावणारी फुकटातली गोष्ट

मंडळी, आधीच सांगून टाकते, हा रिव्ह्यू कुणी पैसे देऊन लिहून घेतलेला नाहीये, आणि घेणार तरी कोण, कारण स्क्रॅच, म्हणजे मुलांना स्वतः गेम आणि गोष्टी बनवू देणारी प्रोग्रॅमिंगची भाषा, पूर्णपणे फुकट आहे, जाहिराती नाहीत, आत शिरल्यावर "पुढची लेव्हल उघडायची तर पैसे भरा" हा प्रकार नाही, ना-नफा संस्था चालवते. तरी एवढं लांबलचक लिहितेय कारण स्क्रीन टाइमचा विषय निघाला की आपण सगळे फक्त तासांचे हिशोब करत बसतो, दोन तास दिला की दीड, सुट्टीत किती, परीक्षेत किती, आणि पोरगं त्या वेळात करतंय काय हे विचारायचंच राहतं.

तासांचं म्हणाल तर लहान बाळांच्या बाबतीत सल्ला बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघायला दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तम. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१६ चा सल्लाही साधारण तसाच आहे, फक्त दीड वर्षाखालच्यांना त्यांनी व्हिडिओ कॉल चालेल म्हटलंय, म्हणजे आजी-आजोबांना फोनवर बघून बाळ खिदळतं ते बिनधास्त खिदळू दे. खरी गोची सहा वर्षांच्या पुढे. तिथे त्यांनी सगळ्यांना मिळून एकच आकडा दिलेला नाही, झोप, खेळ, अभ्यास, घरच्यांशी बोलणं यांचा वेळ खाल्ला जाणार नाही असं बघून तुम्हीच मर्यादा घाला म्हणतात. म्हणजे चेंडू पुन्हा आपल्याच कोर्टात.

तर आमच्या घरी दोन पोरं, मुलगी दहाची, मुलगा सहाचा. मुलगी स्क्रॅच वापरते, मुलगा स्क्रॅच ज्युनियर. दोन्ही बऱ्याच दिवसांपासून चालू आहे, म्हणजे नव्याची नवलाई ओसरून गेल्यावर हे लिहितेय.

ज्यांना अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्क्रॅच ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, पण टाइप करायचं जवळजवळ काहीच नाही, लेगोच्या ठोकळ्यांसारखे रंगीत ब्लॉक एकमेकांना जोडायचे. निळे ब्लॉक हालचालीचे, जांभळे दिसण्याचे, पिवळे म्हणजे अमुक झालं की सुरू हो असं सांगणारे, हिरवे गणिताचे. डावीकडे ब्लॉक, मधे ते जोडायची जागा, उजवीकडे स्टेज, आणि स्टेजवर एक केशरी मांजर. हिरव्या झेंड्यावर क्लिक केलं की मांजर तुम्ही सांगाल ते करतं, आणि चुकीचं सांगितलं तर चुकीचं करतं, बिनातक्रार. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या टीमने हे बनवलं, २००७ साली सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये तिसरी आवृत्ती आली, ती ब्राउझरमध्ये सरळ चालते, टॅबवरही. साधारण आठ ते सोळा वयासाठी आहे. आपल्यापैकी ज्यांनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये लोगो नावाचं ते कासव स्क्रीनवर फिरवलंय ना, त्याच घराण्यातलं हे. लोगो १९६७ चं, सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, आणि पेपर्टांचं म्हणणं साधारण असं की कॉम्प्युटरने मुलाला शिकवत बसण्यापेक्षा मुलाने कॉम्प्युटरला शिकवावं. हे वाक्य वाचायला भारी वाटतं पण घरात घडताना कसं दिसतं ते सांगते, कारण माझा सगळा रिव्ह्यू त्यावरच उभा आहे.

स्क्रॅचमध्ये पेनचे ब्लॉक वेगळे जोडून घ्यावे लागतात, खाली डाव्या कोपऱ्यात बटण आहे. ते घेतले की मांजर चालेल तिथे रेघ उमटते. मुलीला समभुज त्रिकोण काढायचा होता. शाळेत शिकलेलं पक्कं डोक्यात, समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा. मग काय, रिपीट तीन म्हणजे तीनदा कर, शंभर पावलं चाल, साठ अंश वळ. झेंड्यावर क्लिक. त्रिकोण नाहीच आला, उघड्या तोंडाच्या वाडग्यासारखं काहीतरी आलं. पुन्हा क्लिक, तर त्याचा झाला षटकोन! आता ही पोरगी हट्टी, "आई, कॉम्प्युटर चुकतोय" म्हणून माझ्याकडे आली, मी म्हटलं कॉम्प्युटर चुकत नसतो, तूच मांजर होऊन चालून बघ. मग हॉलमध्ये फरशीवर चालणं सुरू झालं, सरळ चालली, थांबली, वळली, आणि वळताना तिच्या लक्षात आलं की त्रिकोणाच्या कोपऱ्यावर आपल्याला जवळजवळ मागे तोंड करावं लागतंय, साठ अंशात भागतच नाही. आतला कोन साठ, पण वळायचं एकशेवीस. पळत जाऊन आकडा बदलला, आणि त्रिकोण आला तेव्हाचा आवाज शेजाऱ्यांनीही ऐकला असेल.

एवढ्यावर थांबली असती तरी माझे पैसे वसूल होते (जे दिलेच नव्हते). पण मग चौकोनाला नव्वद, षटकोनाला साठ, मग पंचकोनाला किती? आधी १०८ टाकून बघितलं कारण आतला कोन पुस्तकात १०८ दिलाय, त्याने एक अर्धवट चांदणी आली, रिपीट पाचच्या ऐवजी दहा केल्यावर ती पूर्ण झाली, दहा टोकांची, आणि ती इतकी आवडली की तासभर पंचकोन राहिलाच बाजूला. नंतर कधीतरी स्वतःहूनच सापडलं की पूर्ण फिरून पहिल्या जागी यायचं तर एकूण ३६० अंश वळावं लागतं, म्हणजे ३६० भागिले बाजू. सप्तकोनाला भागाकार नीट जात नाही तर आकडा लिहायच्या ऐवजी त्या खिडकीत भागाकाराचा हिरवा ब्लॉकच बसवून टाकला, ३६० भागिले सात, तूच काढ काय ते. हे मी तिला शिकवलं नाही हो, मला स्वतःला सुचलं नसतं.

आता सांगा, हा वेळ आणि एकापाठोपाठ एक आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बघण्याचा वेळ, दोन्हीला आपण एकाच नावाने स्क्रीन टाइम म्हणतो. मीटरवर दोन्ही तासभरच दिसतात.

दुसरी गोष्ट गेमची. पोरांना गेम खेळायला आवडतात तर स्क्रॅचमध्ये बनवायलाही आवडतात, आणि बनवताना जी मारामारी होते तिथे खरं शिक्षण आहे. वरून चेंडू पडतायत, खाली टोपली, टोपलीत पडला की एक मार्क, एवढा साधा गेम. पहिल्यांदा चेंडू टोपलीत पडला तरी मार्क वाढेचना, कारण टोपलीला लागलास का हे मांजरीने, म्हणजे चेंडूने, सुरुवातीला एकदाच तपासलं आणि सोडून दिलं, सतत तपास असं कुणी सांगितलंच नव्हतं. फॉरएव्हर, म्हणजे सतत करत राहा, या ब्लॉकच्या आत टाकल्यावर मार्क वाढले ते असे वाढले की एका चेंडूला वीस-पंचवीस, कारण चेंडू टोपलीला टेकलेला असेपर्यंत ते दर क्षणाला तपासतंय आणि दर वेळी एक मार्क देतंय. मुलीला आधी हे फारच आवडलं, साहजिक आहे! मग धाकट्याने खेळून तिचा रेकॉर्ड मोडला तेव्हा अचानक हा अन्याय असल्याचं लक्षात आलं, आणि मार्क दिला की चेंडूला ताबडतोब वर पाठवायची सोय झाली. नंतर कळलं की पुन्हा खेळायला घेतलं तर जुने मार्क तसेच, तर झेंडा दाबल्याबरोबर शून्य करायचा ब्लॉक लागला. काय चुकलं, कुठे चुकलं, एकेक बदलून बघायचं, हे ती न रडता करायला लागलीय, आणि गणिताच्या वहीत उत्तर चुकलं की आधी वही भिरकावायची, आता निदान वरून खाली एकदा बघते तरी. सगळं श्रेय स्क्रॅचला देणार नाही, वयही वाढतंय, पण फरक डोळ्यांना दिसतो.

ऋण संख्यांचं तर बोलायलाच नको. स्टेजच्या बरोबर मधे शून्य, उजवीकडे २४० पर्यंत, डावीकडे उणे २४०, वर १८०, खाली उणे १८०. शाळेत आलेख शिकवायच्या कितीतरी आधी पोरीला माहीत झालं की उणे म्हणजे कमी असं काही नाही, ती फक्त दुसरी बाजू आहे, मांजर तिकडेही मजेत राहतं. चेंडू वरून कुठूनही पडावा म्हणून उणे २४० ते २४० मधला कुठलाही आकडा घे, असं ती जेवताना मला समजावत होती.

या उलट "शैक्षणिक" म्हणून आम्ही एक ॲप घेतलं होतं, नाव घेत नाही, त्यात प्रश्न आला, चार पर्यायांपैकी एक दाबा, बरोबर आलं की टाळ्या, फुगे, नाणी, चुकलं की दुसरा पर्याय दाबा, फारतर चौथ्यांदा बरोबर येतंच. पोरं आठवड्यात प्रश्न न वाचता उत्तरं दाबायला शिकली. त्यापेक्षा कार्टून बघू द्यावं, निदान हसतात तरी.

स्क्रॅचवरची अजून एक गोष्ट मला मनापासून आवडते, शेअर केलेल्या कुठल्याही प्रोजेक्टच्या आत शिरून त्याचे ब्लॉक बघता येतात. कुणीतरी झकास उडी मारणारा हिरो बनवलाय, तर ती उडी कशी केली हे उघडून बघा, आणि रिमिक्स म्हणजे त्याची आपली कॉपी काढून त्यात बदल करा, मूळ कुणाचं ते आपोआप लिहून येतं. मुलीने कुणाचीतरी माशाची गोष्ट घेऊन त्यात माशाचं तोंड आपल्या भावासारखं काढलं आणि आवाज त्याचाच रेकॉर्ड करून टाकला, त्यावरून घरात महाभारत झालं ते वेगळं, पण दुसऱ्याचं काम वाचायचं, समजून घ्यायचं, नाव देऊन वापरायचं, हे मोठ्या माणसांनाही जमत नाही.

आता धाकट्याचं. स्क्रॅच ज्युनियर २०१४ साली आलं, पाच ते सात वयासाठी, टफ्ट्स विद्यापीठातल्या मरीना उमाशी बर्स यांचा गट आणि एमआयटीची मंडळी यांनी मिळून केलं. टॅबवर चालतं, ब्लॉकवर शब्द नाहीत, चित्रं आहेत, त्यामुळे वाचता न येणाऱ्यालाही जमतं. ब्लॉक डावीकडून उजवीकडे जोडायचे, वाक्य लिहिल्यासारखे. अकाउंट नको, एकदा टाकलं की इंटरनेट नको, आणि आत कुणी अनोळखी माणूस भेटायची शक्यताच नाही, त्यामुळे या वयाला मला तर हेच जास्त बिनघोर वाटतं. एका प्रोजेक्टमध्ये जास्तीत जास्त चार पानं, आणि ही मर्यादाच फार कामाची, कारण आमच्या सहा वर्षांच्या साहेबांची गोष्ट एरवी कधी संपतच नाही. इथे त्याला ठरवावं लागतं की राक्षस दुसऱ्या पानावर आला तर चौथ्या पानावर तो मेलाच पाहिजे. सुरुवात, मधलं, शेवट, हे भाषेच्या तासाला सांगून डोक्यात शिरत नाही ते असं शिरलं. पावलं मोजायला स्टेजवर जाळी दाखवता येते, आडवी वीस घरं, उभी पंधरा, तर गाडी झाडापर्यंत न्यायला किती घरं हे बोट ठेवून मोजणं चालू असतं. फक्त याला पहिले काही दिवस शेजारी बसावं लागलं, एकटं सोडलं तर नुसती चित्रं रंगवत बसतो. ते पण वाईट नाही म्हणा.

बरं, आता उणी बाजू, कारण नुसतं गोड लिहिलेलं मलाच वाचवत नाही.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे स्क्रॅचची साइट ही नुसती बनवायची जागा नाहीये, तिथे जगभरातल्या पोरांनी बनवलेले गेम आहेत, अक्षरशः ढीगच, आणि पोरगं "स्क्रॅच करतोय" म्हणून तासभर दुसऱ्यांचे गेम खेळत बसू शकतं. लांबून स्क्रीन बघून फरक कळत नाही. यावर उपाय म्हणजे इंटरनेटशिवाय चालणारं स्क्रॅचचं ॲप मिळतं, तेही फुकट, ते लॅपटॉपवर टाकून द्यायचं, त्यात फक्त बनवायचं काम, इतरांचे गेम नाहीत. आमच्याकडे रोजचं काम त्यात आणि साइटवर जायचं ते सुट्टीच्या दिवशी.

दुसरं, साइटवर लाइकसारखं बदाम आहे, फॉलोअर आहेत, कमेंट आहेत. खासगी मेसेज पाठवायची सोय नाही, सगळं उघड्यावर असतं आणि लक्ष ठेवायला माणसं आहेत, ही जमेची बाजू. पण दहा वर्षांच्या पोरीला बदाम मोजायची सवय लागायला वेळ लागत नाही. आपल्या प्रोजेक्टवरच्या कमेंट बंद करता येतात, तेवढं बटण आधी शोधून ठेवा. अकाउंटला खरं नाव द्यायचं नाही हे तर ओघानेच आलं, आणि लहान मुलांच्या अकाउंटला पालकांचा ईमेल मागतात तिथे आपलाच द्या, म्हणजे काय चाललंय त्याची खबर राहते.

तिसरं, अकाउंट न काढता ब्राउझरमध्ये काम केलं तर ते आपोआप सेव्ह होत नाही, फाइल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावी लागते. पोराच्या दोन तासांच्या कामाचं पाणी झालं तर जो आकांत होईल त्याची कल्पना करा आणि हे पहिल्या दिवशीच शिकवा.

आणि फोनवर हे जमत नाही. शेअर केलेले प्रोजेक्ट फोनवर बघता येतात, खेळता येतात, पण ब्लॉक जोडून बनवायचं तर लॅपटॉप किंवा टॅबच लागतो. टॅबवरही कीबोर्ड नसेल तर बाणाच्या बटणांवर चालणारे गेम अडतात, मग स्पर्शावर चालतील असे बनवावे लागतात. ज्या घरात एकच फोन आहे तिथे स्क्रॅचचं हे कौतुक काय कामाचं, हे मला लिहिताना टोचतंच. शाळेच्या लॅबमध्ये किंवा वाचनालयात कॉम्प्युटर असेल तर तिथे मात्र नक्की विचारा, साधं जुनं मशीनही चालून जातं, फार अवजड प्रोजेक्ट नसला की झालं.

काही जण विचारतात की यातून पोरगं पुढे इंजिनिअर होईल का. मला काय माहीत! ज्यांना पुढे पायथॉन वगैरे टाइप करून लिहायच्या भाषा शिकायच्यात त्यांना लूप (तेच पुन्हा पुन्हा करणं), अट, व्हेरिएबल (मार्कांसारखा बदलता आकडा साठवायची जागा) या कल्पना ओळखीच्या वाटतील एवढं नक्की, पण त्यासाठी म्हणून सहा वर्षांच्या पोराला क्लास लावू नका. स्क्रॅचचे क्लास घेणारे हल्ली बरेच निघालेत, त्यात सगळी मुलं सरांनी सांगितलेलं तेच मांजर त्याच भिंतीवर आपटवतात आणि शेवटी सर्टिफिकेट घेऊन येतात. फुकट मिळणाऱ्या, स्वतः खुडबुड करून शिकायच्या गोष्टीचा तो अगदी उलटा वापर झाला.

डोळ्यांचं आणि बसण्याचं काय, तर स्क्रॅच म्हणून त्यात काही सूट नाही. कितीही चांगलं असलं तरी ते स्क्रीनच, जेवताना नाही, झोपायच्या आधी नाही, आणि संध्याकाळी बाहेर खेळायला जायचं म्हणजे जायचं, उघड्यावर उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं बघायचा चष्मा लागायचा धोका कमी असतो हे आता डॉक्टरही सांगतात. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद बघायचं हा नियम आमच्या घरी कुणी पाळत नव्हतं, मी ओरडून थकले. शेवटी मुलीनेच प्रोजेक्ट केला, १२०० सेकंद थांब आणि मग आवाज कर, आवाज कुणाचा तर आजीचा, "ऊठ गं बाई, डोळे फुटतील!" असा रेकॉर्ड केलेला. आजी घरात नसताना अचानक तिचा आवाज आला की पाहुणे दचकतात, पण पोरं उठतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो त्या बदाम आणि फॉलोअर प्रकरणासाठी. सुरुवात करणार असाल तर साइटवर तयार ट्युटोरियल आहेत, आपल्या नावाची अक्षरं नाचवायचं ट्युटोरियल पहिल्या दिवसाला उत्तम, अर्ध्या तासात काहीतरी हलताना दिसतं. पोरगं अडलं की माउस त्याच्या हातातून घेऊ नका, फार मोह होतो, मांजर डावीकडे वळल्यावर उलटं होऊन डोक्यावर चालायला लागतं तेव्हा तर हात शिवशिवतातच. त्यासाठी वळायची पद्धत फक्त डावी-उजवी करायचा एक निळा ब्लॉक आहे. तो त्यांना सापडू दे, तोवर चालू दे मांजर डोक्यावर.